घड्याळात अडकलेली चड्डी

मी एक जुनी चड्डी आहे. हसू नका, मित्रांनो! साधीसुधी नव्हे, हत्तीलाही ढगळ होईल अशी. तुमचा अख्खा वर्ग माझ्या एका पायात मावेल, शिक्षकांसकट.

माझा जन्म दोन भावांच्या कारखान्यात झाला. थोरला शिवायचा, धाकटा विकायचा. माल असा की धुऊन धुऊन साबण थकावा! पण खपणार कसा? दुकानदार आमचे खोके गल्ल्याखाली दडवत. गिऱ्हाईक इकडेतिकडे बघत कुजबुजे, "ते... आतलं आहे का?" तेवढ्यात शेजारीण दिसली की रुमाल घेऊन पळे! माल छताला टेकला. शिलाईची यंत्रं विकायची पाळी आली.

तेव्हा थोरल्याची बायको कडाडली, "लाजताय काय? सगळ्या गावाला दिसेल एवढी चड्डी शिवा!"

"वहिनी, लोक तोंडात शेण घालतील," धाकटा म्हणाला.

"आधी चड्ड्या तर घालू देत!"

थोरल्याने मला शिवलं. दुकानात मांडायच्या चड्डीचे पाय तो कच्च्या टाक्याने बंद करायचा, आकार नीट दिसावा म्हणून. सवयीने माझेही केले. इथेच घोटाळा झाला! चौकात दोरीला टांगताना वारा कमरेतून आत शिरला आणि त्याला बाहेर पडायला वाटच सापडेना. मी टम्म फुगले आणि उडाले, इलॅस्टिक धरून बसलेल्या धाकट्यासकट!

छपरं खाली गेली, झाडं खाली गेली, कावळे तोंड वासून बघत राहिले. शेवटी माझा पाय चौकातल्याच मनोऱ्यावरच्या घड्याळाच्या काट्यात अडकला. इलॅस्टिक ताणलं. धाकटा थेट भाजीवालीच्या टोपलीपर्यंत खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली!

"अरे बाबा, तुटेल ते!" भाजीवाली किंचाळली.

"आमचं आहे, मावशी! तुटत नाही!" तो वर जाता जाता ओरडला. खाली येताना त्याने भावही सांगितला.

टाळ्यांनी चौक दणाणला! संध्याकाळी दुकानांपुढे रांगा लागल्या आणि लोक चक्क मोठ्याने मागू लागले, "ती घड्याळातली चड्डी द्या हो!" यंत्रं वाचली. खोक्यांवर घड्याळाचं चित्र आलं.

खोटं वाटतं? ते घड्याळ आजही पाच मिनिटं मागे आहे. मी लोंबकळत होते तेवढीच!

आता मी कारखान्याच्या माळ्यावर घडी होऊन पडले आहे. रंग विटला, इलॅस्टिक शाबूत. पण झरोक्यातून दिसतं काय? घरोघरी दोरीवर टॉवेल, आणि त्याखाली लपवलेली माझी ओली, कुबट भाचरं! मित्रांनो, एवढं करा. टॉवेल बाजूला सारा, त्यांना ऊन दाखवा. फक्त चिमटा घट्ट लावा. आमच्या घराण्याला उडायची खोड आहे!