चौथं नाव

दुपारी पावणेदोन वाजता वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर उद्याचा ड्युटी चार्ट आला. दुपारपाळीत चारऐवजी तीनच नर्स होत्या.

मोठ्या सिस्टरनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि फोन लावला. दहा मिनिटांत नियोजन विभागातला तरुण अधिकारी आला. वॉर्डात त्याला सगळ्या ‘आकडेवाले’ म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा.

“सिस्टर, तीन महिन्यांत तुमच्याकडे एकही पेशंट पडला नाही. कुणाच्या पाठीला जखम नाही. म्हणजे वॉर्ड हलका आहे.”

“हलका? अहो, आम्ही पडू देत नाही म्हणून पडत नाहीत. चौथी नर्स राहावी म्हणून आता दोघांना पाडू का?”

औषधं लावणारी नर्स फिसकन हसली.

सिस्टरना आकड्यांचं वावडं नव्हतं. गेला आठवडाभर त्यांनी प्रत्येक काम मनगटावरच्या घड्याळाने मोजून वहीत उतरवलं होतं. ती वही त्यांनी पुढे सरकवली. “माझेही आकडेच आहेत. पण आधी हात धुवा. दोन वाजले.”

नऊ नंबरच्या आजोबांचं अंग लुळं पडलेलं. दर दोन तासांनी त्यांना कूस बदलून द्यावी लागे. एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला आकडेवाले.

“खांदा धरा हो, चादर काय धरताय!”

आजोबा कुशीवर वळले. “हा नवीन दिसतोय,” ते पुटपुटले. “हात गार आहेत.”

“शिकेल,” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी चादरीची एकेक सुरकुती काढली, मग आजोबांच्या पाठीवरचा सदरा वर केला. पाच महिने अंथरुणात काढलेल्या त्या पाठीवर साधा लाल डागही नव्हता.

“बघून घ्या साहेब. हे तुमच्या चार्टात येत नाही.”

सिस्टरची मान ताठ होती. आकडेवाल्याने वही उघडली. ‘नऊ नंबर, कूस बदलणे, दोघी, अकरा मिनिटं.’ त्याने स्वतःचं घड्याळ पाहिलं.

“आज तेरा लागली. माझ्यामुळे.”

“तेही लिहा.”

त्याने लिहिलं. मग वही घेऊन तो मोठ्या साहेबांकडे गेला.

संध्याकाळी सहाला सिस्टर निघाल्या, तेव्हा वरून काहीच कळलेलं नव्हतं. भिंतीवरच्या कागदावर उद्याच्या दुपारपाळीची तीन नावं पेनाने लिहिलेली होती. चौथं त्यांनी पेन्सिलीने लिहिलं, तितक्याच मोठ्या अक्षरात.