खचलेला चेहरा

गाल्बा सम्राट झाला त्या वर्षी माझे बाबा, हिलारस, रोमच्या टांकसाळीत चांदीची नाणी ठोकायचे. एकदा ठोकलेलं नाणं वरच्या ठशालाच चिकटून राहिलं, आणि त्यावरचा सम्राटाचा चेहरा पुढच्या नाण्याच्या पाठीवर आत खचलेला उमटला. कळेपर्यंत ते शिपायांच्या पगारात गेलंही होतं.

"अपशकून म्हणतील. माझी मान उडवतील," बाबा आईला म्हणाले.

"शिपाई पगाराचं तोंड कधी बघतात हो? सरळ गुत्त्यात नेतात!"

बाबा हसले नाहीत. दार वाजलं की पांढरेफटक पडायचे.

पुढच्या जानेवारीत शिपायांनी सम्राटालाच भर चौकात मारलं. आई सुटकेनं रडली. बाबा मात्र पुटपुटले, "माझ्या नाण्यानंच केलं हे."

त्यांनी हातोडा कायमचा सोडला आणि ऑस्तियाच्या मिठागरात राबून तिथेच वारले. आई त्यांच्यामागे वीस वर्षं जगली. मी तिथल्याच एका मासळीवाल्याशी लग्न केलं.