बरं आहे

आमच्या घरात कौतुकाचा एकच शब्द आहे आणि तो सासूबाईंच्या ताब्यात आहे. "बरं आहे." सॉस उत्तम झाला, बरं आहे. मी कॉलेजात पहिली आले होते असं लग्न ठरताना माझ्या मामाने मोठ्या ऐटीत सांगितलं, तेव्हाही त्या म्हणाल्या होत्या, बरं आहे. याच्या वरची पायरी त्यांच्याकडे नाही. खालची मात्र आहे. आवडलं नाही की त्या अवाक्षर न काढता चमचा धुऊन जागेवर ठेवतात. मग पातेलं परत गॅसवर चढतं आणि मी मनातल्या मनात विचारते, 'छान' म्हणायला जीभ झिजते का? मनातल्या मनात अशासाठी, की मला याच घरात राहायचं आहे.

धंदा आमचा टोमॅटो सॉसचा. घराच्या मागच्या खोलीत तो सासूबाईंनी सुरू केला, लग्नानंतर पातेल्यापाशी मी उभी राहिले, आणि पुढे नवऱ्याने चांगली नोकरी सोडून धंदा 'वाढवायला' घेतला. म्हणजे टोमॅटो निवडणं, चिरणं, शिजवणं, गाळणं हे मी करते. तो वाढवतो.

वाढवायचं कसं ते त्याला ऊर्जासर शिकवतात. हे सर आम्ही कधी पाहिले नाहीत, ते फोनमध्ये राहतात आणि सकाळी उठल्या उठल्या ओरडतात. त्यांच्या सांगण्यावरून आमच्या खोलीच्या भिंतींवर पाट्या लागल्या. मोरीच्या वर जी आहे तिच्यावर लिहिलंय, 'मी थकत नाही, थकवाच मला थकतो.' करपलेलं पातेलं घासताना मी ती रोज वाचते. अजून तरी थकव्याने माघार घेतलेली नाही.

शिवाय रोज सकाळी ऊर्जा-सभा. तिघांनी वर्तुळ करून उभं राहायचं. तिघांचं वर्तुळ कसं होतं हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं, पण त्रिकोण झाला तर ऊर्जा कोपऱ्यांतून गळते म्हणे. मग टाळ्या वाजवून म्हणायचं, "आज मी कालच्याहून मोठा!" सासूबाई हात ओले आहेत म्हणून टाळ्या वाजवत नाहीत. त्यांचे हात सभेच्या आधी नेमके ओले कसे होतात हे मला माहीत आहे, कारण नळ मीच सोडून देते.

एवढं असूनही एक खरं काम नवऱ्याकडे होतं. पुरचुंडीचं. दालचिनी, लवंगा आणि मिरी धुतलेल्या फडक्यात बांधायची, दोऱ्याने पातेल्याच्या कानाला अडकवून रसात सोडायची आणि सॉस दाट होत आला की बाहेर काढायची. ती काढली की सासूबाईंनी वाटीत मोजून ठेवलेलं मीठ-साखर घालायचं, वर व्हिनेगर ओतायचं आणि पुरचुंडी खिळ्याला टांगायची. हा आमचा इशारा. खिळ्याला पुरचुंडी दिसली, म्हणजे मसाला उतरला आणि मीठही पडलं. मग मी हाक मारायची, "आई, चमचा!"

चमचा फक्त सासूबाईंचा. पातेल्याला दुसऱ्या कुणाची जीभ लागलेली त्यांना खपत नाही, माझीसुद्धा नाही. "ज्याला त्याला चाखायला दिलं तर रोज वेगळा सॉस होईल," असं त्यांचं म्हणणं. मी वासावर आणि रंगावर काम करते. बशीत थेंब टाकायचा, त्याच्याभोवती पाणी सुटलं नाही की गॅस बंद. आणि त्यांची जीभ काय सांगू! उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा तळाला अगदी किंचित लागलं होतं. मी कुणाला बोलले नाही, गुपचूप ओटा पुसत उभी राहिले. सासूबाईंनी चमचा टेकवला, एक शब्द न बोलता धुऊन ठेवला.

आता या चमच्यावरच गदा आली होती. ऊर्जासरांनी सांगितलं की मोठ्या धंद्यात ज्येष्ठांनी कामातून मोकळं व्हावं आणि 'प्रेरणास्थान' व्हावं. नवऱ्याने लगेच एक खुर्ची आणली. लाल गादीची, हातांवर सोनेरी रंग मारलेली. दाराशी ठेवली. बाटलीवर आईचा फोटो, आई खुर्चीत, आणि चवीची तपासणी बाहेरच्या कुठल्याशा प्रयोगशाळेत, असा बेत होता.

"आयुष्यभर राबलीस आई," तो म्हणाला. "आता निवांत बस."

सासूबाई मग झाकणं उकळताना माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "अगं, माणसाला खुर्चीत बसवलं ना, की त्याला फक्त चहा विचारतात. दुसरं कुणी काही विचारत नाही." त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, पण झाकणं त्या पुन्हा पुन्हा मोजत होत्या आणि चुकत होत्या. मला त्यांची फार दया आली. ती त्यांना दिसू नये म्हणून मी चिमटा शोधायचं नाटक केलं.

मग तो दिवस उगवला. मोठ्या दुकानाची खरेदीअधिकारी बाई दुपारी येणार होती. तिला सॉस पसंत पडला तर त्यांच्या दुकानांमध्ये आमच्या बाटल्या लागणार होत्या. नवरा सकाळपासून नुसता उधळला होता. सभा लांबली, घोषणा वाढल्या. त्याने पुरचुंडी बांधली, ती हातात धरून स्वतःचा फोटो काढला, खिळ्याला टांगून तिचा वेगळा काढला, ऊर्जासरांना दोन्ही पाठवले आणि बाईंना घ्यायला निघून गेला.

मी पुढच्या पातेल्याचे टोमॅटो गाळून आले, त्यांच्या कच्च्या वासाने नाक भरलेलं. सॉस दाट झालेला, पुरचुंडी खिळ्याला. मी हाक मारली, "आई, चमचा!"

त्या आल्या, फुंकर घातली, चाखलं. माझ्याकडे पाहिलं. "बरं आहे," म्हणाल्या आणि मागच्या अंगणात बाटल्या पालथ्या घालायला गेल्या.

मी पुरचुंडी धुवायला म्हणून काढली. ती कोरडी ठणठणीत. एक लवंग भिजलेली असेल तर शपथ. लावायच्या राहिलेल्या पाट्यांमागे मीठ-साखरेची वाटी होती, काठोकाठ भरलेली. मी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला आणि पातेल्यात बोट घातलं. उकडलेल्या टोमॅटोचं पाणी. आजारी माणसाने सुद्धा ताट सरकवलं असतं.

खोटं कशाला बोलू, आधी मला आनंद झाला. सापडल्या एकदाच्या! इतकी वर्षं त्या जिभेसमोर मी हात बांधून उभी राहिले आणि त्या जिभेला मीठ नाही हे कळलं नाही! मग जरा वेळाने प्रश्न पडला. मिठाची चिमूट कमी पडली तरी ओळखणारी बाई याला 'बरं' कशी म्हणेल?

अंगणात त्या एक एक बाटली उजेडाकडे धरून बघत होत्या.

"आई, आज मीठ कसं होतं?"

"बेताचं. सांगितलं ना, बरं आहे म्हणून."

"आई, मीठ पडलंच नाहीये. पुरचुंडीही नाही."

त्यांनी बाटली हळूच खाली ठेवली.

"हिवाळ्यात सर्दी झाली होती बघ मला," त्या म्हणाल्या. "ती गेली, पण चव घेऊन गेली. डॉक्टर म्हणाला, येईल परत, वाट बघा. बघतेय वाट."

"म्हणजे हिवाळ्यापासून तुम्ही..."

"मला साखर आणि राख सारखीच."

"मग चमचा टेकवून 'बरं आहे' कशावरून म्हणायचात?"

"तुझ्यावरून," त्या म्हणाल्या. अगदी सहज, बाजारातून आणलेल्या वस्तूबद्दल सांगावं तसं. "तुझं काही बिघडलं ना, की तू ओटा पुसायला घेतेस. स्वच्छ असला तरी. त्या दिवशी तळाला लागलं तेव्हा पुसत पुसत भिंतीपर्यंत गेली होतीस. मी चमचा तोंडात धरते आणि तुझ्याकडे बघते. तू निवांत असलीस की सॉस बरा असतो. आज तुलाच ठाऊक नव्हतं, मग मला कुठून कळणार?"

इतके महिने माझा सॉस त्यांनी चाखलाच नव्हता. मलाच चाखत होत्या. आणि एका पातेल्याचा अपवाद सोडला तर मी रोज पास होत होते. रडू आलं, रागही आला. हे सांगायला काय झालं होतं या बाईला?

"त्याला सांगणारेस?" त्यांनी विचारलं. त्यांची नजर दाराशी ठेवलेल्या त्या खुर्चीवर होती.

"आधी मीठ घालू," मी म्हटलं.

पातेलं परत चढवलं. थोडं गरम पाणी घातलं, पुरचुंडी सोडली, ढवळत राहिले. सासूबाई माझ्या शेजारी पळी धरून उभ्या. दालचिनीचा वास सुटला तसा मला धीर आला. त्यांना तो येत होता की नाही, मी विचारलं नाही. पुरचुंडी पिळून खिळ्याला टांगली, मीठ, साखर, व्हिनेगर घातलं, बशीत थेंब टाकला आणि चाखायला चमचा उचलते तोच दारात आवाज आला.

"या, या! हे आमचं ऊर्जाकेंद्र!" नवरा.

खरेदीअधिकारी बाई बारीक चणीची, दमलेली होती. तिने भिंतींवरच्या पाट्या वाचल्या, मोरीवरचीही वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत बहिणीची माया होती.

"आमच्याकडे एक पद्धत आहे," नवरा सांगत होता. "आईने चव घेतल्याशिवाय बाटली दाराबाहेर जात नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची जीभ आहे ही! आई, घे."

सासूबाईंनी चमचा भरला, फुंकर घातली, तोंडात धरला आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं.

मला काय माहीत! मी कुठे चाखला होता? मीठ घाईत पडलं होतं, जास्त झालं असेल, व्हिनेगर चढलं असेल. माझा हात आपोआप फडक्याकडे गेला. मी ओटा पुसायला लागले.

त्यांनी ते बघितलं. त्यांना 'बरं आहे' म्हणून मोकळं होता आलं असतं. बाईला काही कळलं नसतं, मुलाला तर नाहीच नाही. चमचा हातात राहिला असता. त्यांनी तो नळाखाली धुतला, पुसला आणि माझ्यापुढे धरला.

"तू बघ," त्या म्हणाल्या.

"आई, अगं तू सांग ना," नवरा दात दाखवत कुजबुजला.

"मला नाही कळत. माझी चव हिवाळ्यातच गेली," सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तेव्हापासून जो सॉस बाहेर जातोय तो हिच्या हातावर जातोय. मी नुसती चमचा धरून उभी असते. आता हिलाच धरू दे."

नवऱ्याने खिशातला फोन चाचपला. ऊर्जासरांच्या शिकवणीत या प्रसंगासाठी घोषणा नसावी.

मी चाखलं. आंबट, गोड, मग खारट, आणि अगदी शेवटी घशाशी लवंग. इतकं जमलं होतं की 'छान' हा शब्द ओठांपर्यंत आला. तिघंही माझ्याकडे बघत होते.

"बरं आहे," मी म्हटलं.

"नुसतं बरं?" बाईने विचारलं.

"आमच्याकडे याच्यावर काही नसतं," सासूबाई म्हणाल्या.

बाईने एक चमचा खाल्ला, मग न विचारता दुसरा घेतला. म्हणाली, पुढच्या आठवड्यात माल पाठवा, दोन दुकानांत ठेवून बघू. आणि मला हळूच विचारलं, थकवा खरंच थकतो का? मी म्हटलं, वाट बघतेय.

ती गेल्यावर नवरा भानावर आला. त्याला गहिवरून वगैरे आलं होतं, पण गहिवरात सुद्धा त्याची गाडी खुर्चीवरच गेली. "आई, मग तर प्रश्नच मिटला! आता तू निवांत. प्रेरणास्थान!"

सासूबाईंनी खिळ्यावरची पुरचुंडी काढली. "ही आजपासून माझी. मीठही माझं. तुला फोटो काढायला आवडतं ना? मग तू बस त्या खुर्चीत."

आणि खरं सांगते, तो बसला. बसल्यावर त्याला ती आवडलीही. ऊर्जासरांना फोटो पाठवला, खाली लिहिलं, 'नेतृत्व.' आम्ही दोघींनी त्याला चहा विचारला.

संध्याकाळी मी बाटल्या भरत होते आणि सासूबाई उद्याची पुरचुंडी बांधत बसल्या होत्या. दोऱ्याला गाठ मारता मारता त्या पुटपुटल्या, पण माझ्या कानावर पडेल इतपत मोठ्याने.

"बाहेरच्या बाईसमोर 'बरं आहे' म्हणे. छान म्हणायला जीभ झिजते का गं?"

माझं वाक्य. इतकी वर्षं मनात घोळवलेलं, जसंच्या तसं. मला हसू आवरेना आणि डोळे मात्र भरून आले.

"गाठ घट्ट मारा आई," मी म्हटलं. "सुटली तर मिरी होतील सगळी पातेलंभर."

"मारलीय. बघ."

मी हातात घेऊन बघितली. बरी होती.