भावोजींची खरी उंची

सोमवारी सकाळी मी कामावर हजर झाले तेव्हा भावोजी व्हेंटिलेटरवर होते आणि मशीन नुसतं बोंबलत होतं.

मी अतिदक्षता विभागात डॉक्टर आहे. वर्षभर सुट्टी न घेणारी मी दोन दिवस बाहेरगावी काय गेले, नेमका तोच मुहूर्त साधून माझ्या ताईच्या नवऱ्याला न्यूमोनिया झाला. श्वास पुरेना म्हणून नळी घालून मशीन लावावं लागलं.

"दाबाचा अलार्म थांबतच नाहीये," नर्स म्हणाली. "फुफ्फुसं पार दगड झालीत."

सुजलेली फुफ्फुसं कडक होतातच, पण इतकी? मी मशीनवरचा आकडा पाहिला. दर श्वासाला ढकलली जाणारी हवा चांगल्या उंच माणसाच्या हिशेबाने लावली होती. हा हिशेब वजनावर नसतो, उंचीवर असतो. पोट सुटलं म्हणून फुफ्फुसं काही वाढत नाहीत. आणि सूज आली की हवेला जागाच मुळात थोडी उरते. तिथे जास्तीची हवा कोंबली, तर उरलीसुरली चांगली जागाही फाटते. ज्या मशीनने माणसाला जगवायचं, तेच त्याला आतून मारायला लागतं. हे नव्या डॉक्टरांना सांगून सांगून माझ्या घशाला कोरड पडलीय.

केसपेपर उघडला. उंची पाच फूट नऊ इंच. माहिती देणार, पत्नी.

पाच-नऊ हा आकडा आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ. ताईने लग्नाआधी पाच-आठच्या खालची सगळी स्थळं धुडकावली होती. "तुला नवरा हवाय की विजेचा खांब?" असं मी तिला चिडवायचे. मग पाच-नऊचे भावोजी जाड टाचांचे बूट घालून आले आणि माझी बोलती बंद झाली. त्यानंतर आम्ही त्यांना पाहिलं ते बुटांतच, नाहीतर खुर्चीत ऐसपैस बसलेले. आता ते अनवाणी आडवे होते, आणि त्यांच्या पायांच्या पुढे गादी बरीच मोकळी होती.

"टेप आणा," मी म्हटलं.

टेप कुणाकडेच नव्हता. लाखांची यंत्रं दाटीवाटीने उभी, आणि माणूस मोजायला साधा टेप नाही! शेवटी कॉरिडॉरमध्ये एक सुतार कपाटाचं दार बसवत होता, त्याचा मागून आणला. डोक्यापासून टाचेपर्यंत धरला. पाच फूट चार. विश्वास बसेना म्हणून नर्सला मोजायला लावलं. तिच्या मोजण्यातही पाच-चारच भरले.

मी हवा कमी केली, केसपेपरवरचा नऊ खोडून चार केला आणि सही ठोकली. अलार्म गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहते तर हवा पुन्हा जैसे थे! माझं डोकंच फिरलं. संध्याकाळच्या पाळीच्या डॉक्टरला आम्ही शंभर म्हणतो, कारण मॉनिटरवर ऑक्सिजनचे शंभर दिसल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नाही. मी त्याला फोन लावला.

"अहो, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला होता, म्हणून हवा वाढवली," तो म्हणाला.

"वाढू दे की थोडा! तो सोसता येतो. फाटलेलं फुफ्फुस तू शिवून देणार आहेस का?"

"पण पाच-नऊच्या माणसाला इतकी कमी हवा..."

"मी पाच-चार लिहिलंय. वाचता येतं ना?"

"वाचलं. मला वाटलं, घाईत चुकलं असेल. म्हणून तुमच्या ताईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, पाच-नऊच."

मी फोन आपटला आणि हवा परत कमी केली. पण त्याच दुपारी भावोजींचं उजवं फुफ्फुस फुटलं. हवा छातीत साठली आणि रक्तदाब कोसळला. छातीला भोक पाडून नळी घालावी लागली. हे त्या जास्तीच्या हवेमुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण मी तरातरा बाहेर गेले.

ताई बाहेर बाकावर बसली होती. मी तिला जिन्यात ओढत नेलं.

"त्यांची उंची किती आहे?"

ती परत दाराकडे वळली.

"ताई, माणूस मरतोय तिकडे!"

"पाच-चार," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं? कधीपासून?"

"लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. बूट काढल्यावर कळणारच ना गं."

"मग डॉक्टरांना खरं का नाही सांगितलंस? एकदा नाही, दोनदा खोटं बोललीस!"

"तिथे लिहिलेलं तू वाचणार होतीस," ती म्हणाली. "माहेरी कधी कळू देणार नाही, असं वचन दिलं होतं मी त्यांना. उंचीनं माणसाचा जीव जातो हे मला काय ठाऊक?"

विजेचा खांब मीच म्हटलं होतं. तिला बदडावं की मिठी मारावी ते कळेना, म्हणून मी दोन्ही केलं नाही. आत जाऊन एका पुठ्ठ्यावर जाड पेनने 'उंची पाच फूट चार' लिहिलं आणि पलंगाच्या डोक्याशी चिकटवलं.

"शुद्धीवर आले की वाचतील," ताई काकुळतीला येऊन म्हणाली.

"वाचू देत. वाचायला जगले पाहिजेत ना?"

त्या संध्याकाळी ती दाराशीच उभी राहिली आणि शंभर येताच त्याला म्हणाली, "पाच-चार. मी खोटं बोलले होते." त्यानंतर आकड्याला कुणी हात लावला नाही.

हळूहळू सूज उतरली आणि मशीन निघालं. छातीतली नळी अजून होती. दम इतका की दोन शब्द बोलले तरी भावोजी धापा टाकायचे. फिजिओथेरपिस्टने त्यांना पहिल्यांदा उभं केलं तेव्हा मी शेजारी होते. नळीची बाटली नर्सच्या हातात, भावोजी अनवाणी, एक हात ताईच्या खांद्यावर. मागे पुठ्ठा तसाच होता, पण त्यांनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि मान वळवली.

माझं लक्ष ताईकडे गेलं. तिने गुडघे किंचित वाकवले होते आणि खांदे पाडले होते. तिची उंची त्यांच्याएवढीच, पण ती त्यांच्या कानाला येईल इतकी खाली गेली होती. हे तिने आत्ता ठरवून केलं नव्हतं, तिच्या अंगवळणीच पडलं होतं. इतक्या वर्षांत मी एकदाही पाहिलं नाही याचा मला भयंकर राग आला.

भावोजींनी तिच्या खांद्यावर जोर दिला. मला वाटलं तोल जातोय, म्हणून मी पुढे झाले. त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

"सरळ उभी राहा," ते धापा टाकत तिला म्हणाले. "किती वर्षं... कंबर दुखवून घेशील?"