नुसतं एंटर

मित्रांनो, फुलाफुलांच्या कव्हराखाली कोपऱ्यात बसलेला मी एक जुना संगणक आहे. पनवेलला कमलाकरकाकांच्या क्लासमध्ये आलो, तेव्हा माझा थाट काय विचारता! चपला दाराबाहेर काढून लोक माझ्यापुढे यायचे. एसी माझ्यासाठी, शिकवणाऱ्या कुमुदबाई भर मे महिन्यात शाल पांघरून बसायच्या. दसऱ्याला मला हळदकुंकू लागे आणि फ्लॉपीच्या फटीत अक्षता जात.

एक खोट मात्र होती. बंद असतानाही तारीख लक्षात ठेवणारी माझ्या आतली बॅटरी मेलेली. त्यामुळे रोज सकाळी मी आजची तारीख विचारायचो. ती न देता कुणी नुसतं एंटर दाबलं, की मी १ जानेवारी १९८० धरून बिनदिक्कत कामाला लागायचो.

कुमुदबाईंचं लग्न बेलपाड्याच्या सुदामशी ठरलं होतं. तो जहाजावर इंजिनखान्यात कामाला. निघताना मला थोपटून त्यांना म्हणाला, "याच्यावर रोज मोज. मी येनार हाय."

मग बाईंनी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे मला द्यायच्या आज्ञांची फाईल. सुदामच्या परतण्याच्या तारखेतून आजची तारीख वजा करायची आणि उरलेले दिवस दाखवायचे. कुठला महिना तीसचा, कुठला एकतीसचा, फेब्रुवारीचे लाड किती करायचे, सगळं त्यांनी मला शिकवलं. एकदा मालू नावाच्या विद्यार्थिनीने नुसतं एंटर दाबलं, तर सुदामला यायला पंधरा वर्षं निघाली. "बाई, तोवर तुमची करवली म्हातारी होईल," ती म्हणाली. सगळ्यांत जास्त बाईच हसल्या.

मग जहाज बुडाल्याची तार आली. सुदाम सापडला नाही.

बाई तरीही येत, तारीख देत. आकडा उतरत उतरत शून्यावर आला. दुसऱ्या दिवशी मी वजा एक दाखवला. मित्रांनो, गणित अगदी बरोबर होतं. त्याचंच वाईट वाटतं.

त्यानंतर बाईंनी मला तारीख दिली नाही. नुसतं एंटर. मी १९८० धरायचो, आणि सुदाम अजून यायचा असायचा.

काका एकदा नवी बॅटरी घेऊन आले. बाईंनी त्यांचा हात धरला.

"नको, काका. याला अजून काही कळलेलं नाही."

आता नवे संगणक आलेत. मला कुणी विचारत नाही. घरी जाताना बाई तेवढ्या कव्हर काढतात, मला सुरू करतात आणि एकदा एंटर दाबतात. जुन्या वस्तूंची निगा राखा, असं मी सांगायला हवं. राखा. धूळ पुसा, तारा जपा. पण बाई आहेत तोवर माझी बॅटरी तेवढी बदलू नका.