जावळाचा फोटो

इमादच्या दुकानात मी खोटं बोलले, तेही लेक कडेवर असताना.

भाचीच्या, म्हणजे माझ्या रेवाच्या, जावळाला काय द्यायचं, म्हणून माझा धाकटा भाऊ धनेश महिनाभर माझं डोकं खात होता. "तायडे, सोन्याची चेन सगळेच मामा देतात. आपण कॅमेरा घेऊ. रेवाचे फोटो काढत राहा." मी नको म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं, कारण कॅमेरा म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांसमोर रेवा आलीच नाही. कुत्रे आले.

आमच्या काल्हेरच्या बिल्डिंगमागे गोदामं आहेत. ट्रक आत शिरला की तिथले चार कुत्रे त्याच्याशी शर्यत लावतात, पार चारही पाय जमिनीवरून सुटेपर्यंत. रेवा पोटात असताना डॉक्टरांनी दोन महिने झोपून राहायला सांगितलं होतं. खिडकीतून ती धाव बघत मी ते दिवस काढले. आता दुपारी ती झोपली की मी मोबाईल घेऊन गॅलरीत उभी राहते. फोटोत येते ती शेपटी, नाहीतर नुसती धूळ.

इमाद भिवंडीत हळदी-लग्नांना कॅमेरे भाड्याने देतो, विकतोही. त्यानं विचारलं, "ताई, नवीन शिकताय ना? फोटो कशाचे काढणार?"

"हिचे."

त्यानं एक हलका, छोटा कॅमेरा पुढे केला. "मग हा बस झाला. घरातल्या कमी उजेडातपण चेहरा मस्त येतो."

"आणि पळत असेल तर?"

"अजून रांगते ना ही?"

धनेश फोन घ्यायला बाहेर गेला. मी हळूच दुसऱ्या कॅमेऱ्याकडे बोट केलं.

"तो पळणाऱ्यांसाठी. पक्षी, घोडे, कुत्रे. इथे 'प्राणी' लावलं की जनावराचा डोळा पकडतो, मग सोडत नाही. एका सेकंदात दहा फोटो. शिकायला सोपा आहे, पण बाळासाठी एवढा कशाला..."

"हाच द्या."

धनेश आत आला तेव्हा मी म्हणाले, "हा घेऊ. रेवा काय, उद्या पळायला लागेल."

"माझी भाची ऑलिम्पिकला चाललीय वाटतं!" धनेश हसला. इमाद हसला नाही. मान खाली घालून खोका बांधत राहिला.

पुढचे पंधरा दिवस रेवा झोपली की मी आणि कुत्रे. ती उठून रडायची, तर "आले गं सोन्या, एकच" म्हणत मी अजून दहा काढायची.

जावळ गावातल्या घरी होतं. रेवा मामाच्या मांडीवर, समोर कात्री घेतलेला नामा न्हावी. माझ्या सासूबाई गोदूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "आमची सून फोटूवाली झालीय." मलाही चढलं. पाहुण्यांना म्हणाले, "मोबाईल खाली ठेवा हो, मध्ये हात येतात. मी काढतेय ना!" सगळ्यांनी ऐकलं.

पहिली बट कापली, रेवानं भोकाड पसरलं, आणि त्याच वेळी अंगणातला कुत्रा भांड्यातल्या जिलेबीवर झेपावला. मी बटण दाबूनच धरलं होतं.

जेवणं सुरू होण्याआधी सासूबाई म्हणाल्या, "दाखव गं." चष्मा घरात राहिला होता. कॅमेरा लांब धरून त्यांनी डोळे बारीक केले. "झ्याक हाय. कशी बसलीय मामाच्या मांडीवर!"

मी नुसती मान डोलावली असती तरी चाललं असतं.

"आई, पुढे दिसतो तो कुत्रा आहे. रेवा मागे आहे, नुसती धूसर."

"मंग दुसरा दाखव."

"सगळे तसेच आलेत. कुत्रा शेवटपर्यंत समोरच होता." धनेश शेजारीच उभा होता. "कॅमेरा मी कुत्र्यांसाठी घेतला होता. आज ते 'प्राणी' बदलायचं विसरले. त्यानं रेवाला धरलंच नाही."

सासूबाईंनी कॅमेरा माझ्या हातात दिला. रेवाच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला. "केस येतील परत," त्या म्हणाल्या. "जावळ न्हाय येत."

धनेशनं कॅमेऱ्यावर वाकून तो कुत्रा बघितला. मग म्हणाला, "मला सांगितलं असतंस तरी हाच घेऊन दिला असता, तायडे." आणि ताट घेऊन पुरुषांच्या पंगतीत जाऊन बसला.

त्याला आठ दिवस झाले. ते सगळे फोटो मी एकेक करून पुसले. एक राहिलाय. कुत्रा हवेत आहे, चारही पाय सुटलेले, डोळ्यात अख्खं अंगण. मागे एक लाल डाग, तो रेवाचा फ्रॉक, आणि तिच्या पोटाभोवती धनेशचा हात.

इतका चांगला फोटो माझ्या हातून कधी निघाला नव्हता. रेवा मांडीवर झोपली की मी तो उघडते. पुसायचा म्हणूनच उघडते. अजून पुसलेला नाही.