शेजारच्या गॅलरीत शांत झालं तेव्हा

ती रुग्णालयात नर्स होती आणि गेलं वर्षभर तिला रात्रपाळीच होती. सकाळी आठला घरी आलं की अंथरुणावर पाठ टेकायची, एवढंच तिला हवं असायचं. नेमकी तेव्हाच शेजारची कुत्री सुरू व्हायची.

शेजारी एक बसड्रायव्हर एकटाच राहत होता. कुत्री मुळात त्याच्या मुलीची. मुलगी लग्न होऊन लांब गेली आणि कुत्री बापाकडे राहिली. सकाळी तिला मागच्या गॅलरीत बांधून तो ड्यूटीवर गेला, की चारला तो परत येईपर्यंत तिचं तोंड मिटायचं नाही.

नर्सने कानात बोळे घालून पाहिले, खिडकीला रजई लावून पाहिली. सासूबाईंना कमी ऐकू यायचं. त्यांनी कानातलं यंत्र काढून तिच्यापुढे धरलं. "हे उलटं लावून बघ गं, ऐकू येणं बंद होतंय का!" तिला हसूही आलं नाही.

ड्रायव्हरशी ती दोनदा बोलली. तो दारातच मान खाली घालून उभा राहिला. "काय करू ताई? तिला एकटं राहवत नाही. आणि टाकून देणं माझ्याच्याने होणार नाही."

मग एका सकाळी, पाळी संपता संपता, तिने भलत्याच पेशंटच्या दंडाला सुई लावली. "सिस्टर, मला हे इंजेक्शन नसतं हो," तो म्हातारा म्हणाला, म्हणून निभावलं. ती बाथरूममध्ये जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. घरी येऊन तिने आधी इमारतीच्या कमिटीच्या नावे तक्रार लिहिली. अकरा जणांनी सह्या केल्या. पहिली तिची होती. आठ दिवसांत कुत्रीचा बंदोबस्त करा, नाहीतर जागा सोडा, असं कमिटीने ड्रायव्हरला कळवलं.

सातव्या दिवशी भुंकणं थांबलं. त्या दिवशी ती पाच तास मेल्यासारखी झोपली. दुसऱ्या दिवशीही तसंच. दिली असेल कुणाला तरी, असं ती धरून चालली. विचारायला मात्र गेली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी कपडे काढायला ती मागच्या गॅलरीत गेली. ऊन मी म्हणत होतं. दोन्ही गॅलऱ्यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती. पलीकडे काहीतरी घासल्यासारखा आवाज आला, म्हणून तिने वाकून पाहिलं.

कुत्री आडवी पडली होती. खोकी बंद करायची रुंद चिकटपट्टी तिच्या तोंडाभोवती चार-पाच वेळा गुंडाळली होती. पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. शेजारी पाण्याचं भांडं काठोकाठ भरलेलं.

"अहो, ड्रायव्हरला फोन लावा!" असं नवऱ्याला ओरडून सांगत ती आत धावली. ड्यूटीच्या पिशवीतली बँडेज कापायची कात्री घेतली आणि भिंत ओलांडून पलीकडे उतरली. पट्टीबरोबर केसही निघाले. जीभ निळसर पडली होती. तिने ओला टॉवेल कुत्रीच्या पोटावर, पायांवर टाकला, बोटांनी तोंडात थेंब थेंब पाणी सोडलं. कुत्रीने तिचा अंगठा चावला, जोर नसलेला चावा. तिने हात काढला नाही.

ड्रायव्हर आला तो खाकी शर्टावरच, धापा टाकत. पट्टीचे तुकडे पाहून तो कुत्रीजवळ खाली बसला.

"एकाच दिवसापुरती म्हणून लावली होती आधी, ड्यूटीवर जाताना," तो म्हणाला. "कुणी काही बोललं नाही. मग रोजच लावली. संध्याकाळी सोडून खायला घालायचो. मला वाटलं, नाकाने घेते की श्वास."

"कुत्र्यांचं अंग तोंडावाटे थंड होतं हो," ती म्हणाली. "तक्रार मी लिहिली होती."

"माहीत आहे. अक्षर ओळखीचं आहे. मुलीच्या आजारपणात गोळ्यांच्या वेळा तुम्हीच लिहून दिल्या होत्या."

कुत्री जगली. जनावरांच्या डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतली. नर्सने कमिटीकडे जाऊन आपली सही मागे घेतली, पण उरलेले दहा जण बधले नाहीत. "तुम्हीच तर सुरू केलंत," खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या. दिवसा कुत्रीला आमच्याकडे ठेवा, असंही तिने ड्रायव्हरला सुचवलं.

"नको ताई," तो म्हणाला. चिडून नव्हे, दमून. "आता तुमच्या भरवशावरही नको आणि माझ्याही नको." मुलीच्या सासरी मोठं अंगण होतं. मुलीनेच कुत्रीला बोलावून घेतलं होतं.

रविवारी मुलगी आणि जावई गाडी घेऊन आले. नर्स जिन्यात उभी होती. मुलीने तिला ओळखलं, हसून "कशा आहात मावशी?" म्हणाली. बापाने तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. नर्स म्हणाली, "बरी आहे," आणि बाजूला सरून तिने वाट दिली.